स्टीलचा गडवा, तांब्याचा लोटा: चकाकता धातू जलरंगात रंगवताना

एलिमेंटरीच्या वस्तुचित्रात आणि पुढे इंटरमिजिएटच्या स्थिरचित्रात आपण सगळे एकच सूत्र शिकलो. उजेडाकडची बाजू फिकट, पलीकडची गडद, मधे हळूहळू उतरत जाणारी छटा, आणि शेवटी फुगीर भागावर एक पांढरा ठिपका. माठ, संत्रं, वांगं, प्लॅस्टिकची बादली, सगळं या सूत्रात बसतं. स्टीलचा गडवा बसत नाही. त्याच पद्धतीनं रंगवला तर तो सिमेंटचा दिसतो, फार तर राखाडी ऑइलपेंट फासलेला. यात हाताचा दोष नाही, सूत्रच दुसऱ्या वस्तूंसाठीचं आहे.

माठाच्या खरबरीत अंगावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो. म्हणून माठाचा स्वतःचा रंग दिसतो, आणि अंग उजेडापासून वळेल तसा तो काळवंडत जातो. पॉलिश केलेल्या धातूवर उजेड जवळजवळ विखुरतच नाही, ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. त्यामुळे भांड्यावर जे जे दिसतं ते सगळं खोलीतलंच काहीतरी असतं: खिडकी, पडदा, छत, टेबलाची कड, आणि मधोमध पॅड घेऊन बसलेले तुम्ही. भांड्याच्या आकारात वाकलेली ही खोली नीट रंगवली की गोलाई आणि चकाकी आपोआप येते. पुढच्या सगळ्या सूचना इथूनच निघतात.

भांडं आणि मांडणी

पहिल्या चित्रासाठी साधं, बिननक्षीचं भांडं घ्या. स्टीलचा सरळ गिलास सगळ्यात सोपा, कारण त्यात प्रतिबिंबं फक्त आडवी आकसतात आणि उभ्या पट्ट्यांसारखी दिसतात. त्यानंतर गडवा: फुगीर पोट, आत वळलेली मान, बाहेर उमललेला काठ. हे तीन भाग तीन तऱ्हेनं आरशासारखे वागतात, म्हणून एकाच भांड्यात बराच अभ्यास होतो. तांबं आणि पितळ त्यानंतर. ठोक्याचं, म्हणजे हातोडीच्या खळग्यांचं भांडं कितीही मोहात पाडत असलं तरी सध्या बाजूला ठेवा.

नागपुरात भांड्यांची वाण नाही. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांत वजनावर पितळ मिळतं, आणि शेजारचा भंडारा जिल्हा तर पितळेच्या भांड्यांसाठीच ओळखला जातो. पण विकत आणायच्या आधी घरचा माळा बघा. जुना पितळी गुंड, तांब्याचा बंब, एखादी परात बहुतेक घरी निघतेच. देवघरातला तांब्या मागितलात, तर आजी आधी तो परत कधी मिळणार ते विचारेल, आणि विचारणं बरोबर आहे.

भांडं किती घासायचं? चिंच आणि मीठ लावून तांबं लखलखीत केलं की ते आरसा होतं, आणि नवशिक्याला त्यातला तपशील झेपत नाही. घासून आठवडाभर ठेवलेलं भांडं जास्त सोयीचं. चकाकी टिकून असते, पण प्रतिबिंबांच्या कडा थोड्या मऊ झालेल्या असतात, आणि काठाखाली, कडीच्या सांध्यात काळपट राहिलेलं असतं. तो काळपटपणा चित्रात फार उपयोगी पडतो.

आता मांडणी, आणि माझ्या मते अर्धं चित्र इथेच ठरतं. उजेडाचा स्रोत एकच ठेवा. ट्यूबलाइट बंद करा, नाहीतर भांड्यावर खिडकीशिवाय एक लांब पांढरी काठी उमटते आणि दोन्हींची भांडणं लागतात. उत्तरेची खिडकी मिळाली तर उत्तम. उन्हाळ्यात आपल्याकडे खिडकीत कूलर बसलेला असतो. मग उजेड त्याच्या बाजूच्या फटीतून येतो, आणि कूलरचा चौकोनी काळा आकार गडव्याच्या पोटावर स्पष्ट दिसतो. तो लपवू नका. पांढऱ्या उजेडाच्या शेजारी असा गडद चौकोन आयता मिळणं ही चैन आहे.

टेबलावर मधल्या छटेचं, एकरंगी कापड अंथरा: विटकरी, गडद निळं, मेंदी रंगाचं. भांडं नजरेच्या खाली असतं तेव्हा गिलासाच्या सरळ अंगात आणि गडव्याच्या पोटाच्या खालच्या निम्म्या भागात टेबलच सगळ्यात जास्त दिसतं, म्हणून कापडाचा रंग म्हणजे भांड्याचा अर्धा रंग समजा. फुलाफुलांची चादर नको. भांड्यापासून चार बोटांवर एक संत्रं ठेवा. स्टीलच्या थंड राखाडीत ते नारिंगी बोट उमटलं की चित्र तिथेच जिवंत होतं. संत्र्याचा हंगाम नसेल तर आंबा, लिंबू, टमाटर, काहीही चालेल, फक्त एकच.

आणि तुम्ही स्वतः. तुमचा पांढरा सदरा आणि मांडीवरचा कागद भांड्याच्या मधोमध झळकणार. गडद, साध्या रंगाचे कपडे घालून बसलात तर तिथे एक छान काळसर आकार मिळतो.

एक गोष्ट माठ रंगवताना कधी जाणवत नाही: डोकं वीतभर हललं की प्रतिबिंबं सरकतात. सावली वस्तूवर ठरलेल्या जागी असते, प्रतिबिंब बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असतं. म्हणून खुर्चीच्या पायांभोवती खडूनं खुणा करा, आखताना एक डोळा मिटा, आणि बसल्या जागेवरून, डोळ्याच्या उंचीवरून मोबाइलवर दोन फोटो काढा. एक नेहमीचा, आणि एक स्क्रीनवर बोट ठेवून उजेड बराच कमी करून. नेहमीच्या फोटोत खिडकीचं प्रतिबिंब जळून नुसता पांढरा डाग होतो. दुसऱ्यात त्याचा खरा आकार, गजांसकट, दिसतो. फोटो आठवणीपुरता वापरा. छटा मात्र समोर बघूनच ठरवा.

सामान

कागदावर पैसे खर्च करा, रंगांवर थोडे कमी केले तरी चालेल. ३०० जीएसएमचा कागद लागेलच, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा. त्याहून पातळ कागद लाटा मारतो आणि पाणी खळग्यांत साचतं. धातूला धारदार कडा लागतात, म्हणून गुळगुळीत, हॉट प्रेस कागद त्याला मानवतो. पण त्यावर रंग घसरतो आणि प्रत्येक फटकारा दिसतो. सवय नसेल तर थोडा खरबरीत, कोल्ड प्रेस कागद घ्या. २२ बाय ३० इंचाचा पूर्ण ताव आणून चार तुकडे केले तर ११ बाय १५ इंचाचा सोयीचा आकार मिळतो आणि पॅडपेक्षा स्वस्त पडतो.

ब्रश तीन पुरे: टोक नीट येणारा गोल ८ किंवा १० नंबर, गोल ४ नंबर, आणि अर्ध्या इंचाचा चपटा. चपटा ओला करून निथळवला की वाळलेला रंग उचलायला कामी येतो.

रंग: अल्ट्रामरिन, प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, रॉ अंबर, लाइट रेड, लेमन यलो, क्रिमसन. विद्यार्थ्यांच्या संचातही यातले बरेच सापडतात. काळी ट्यूब बंद ठेवा. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना घट्ट मिसळले की खोल, जिवंत काळा होतो, आणि एकीचं प्रमाण वाढवून तो थंड किंवा उबदार करता येतो. धातूच्या चित्रात अर्धं काम याच मिश्रणावर चालतं. एक अडचण सांगून ठेवतो: अल्ट्रामरिनचे कण पातळ थरात कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पृष्ठभाग रवाळ दिसतो. आरशासारख्या स्टीलवर तो रवाळपणा नको वाटला, तर पातळ थरांसाठी थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना घ्या, अल्ट्रामरिन गडद जागांसाठी ठेवा.

बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानांत चंदेरी-सोनेरी रंगांच्या सुंदर बाटल्या दिसतील. घेऊ नका. त्यातला चमकणारा कण चित्र लटकवलेल्या खोलीचा उजेड परावर्तित करतो, चित्रातल्या खोलीचा नाही. बाजूनं पाहिलं तर चमकतो, समोरून पाहिलं तर मळका राखाडी. सणाच्या शुभेच्छापत्रासाठी ठीक आहे.

मास्किंग फ्लुइडबद्दल आपल्या हवामानात सावध राहावं. हा द्रव रबर कागदावर लावून पांढरी जागा राखतात आणि शेवटी चोळून काढतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेलेला असताना तो कागदाला असा चिकटतो की काढताना कागदाचा पापुद्रा निघतो. लावायचाच असेल तर साबणात बुडवलेल्या जुन्या ब्रशनं लावा, त्यावर ड्रायर मारू नका, चित्र उन्हात ठेवू नका, आणि त्याच दिवशी काढा. गडव्याच्या काठावरची केसाएवढी चमक आणि दोन-चार ठिपके यापलीकडे त्याची गरज नाही. मोठ्या पांढऱ्या जागा ब्रशनं वळसा घालूनच राखा, कडा जास्त जिवंत येतात.

रेखाटन: आधी भांडं, मग नकाशा

मध्यरेषा उभी आखा आणि दोन्ही बाजूंचं अंतर तिच्यापासून मोजा. काठाचं लंबवर्तुळ चपटं, बुडाचं त्याहून जास्त गोल, कारण बुड नजरेच्या आणखी खाली असतं. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोपरे नसतात, तिथेही वळणच असतं. आखून झालं की कागद उलटा धरून बघा, गडवा कुठे कललाय ते लगेच कळतं. माठ थोडा वाकडा झाला तरी खपतो, यंत्रावर घडवलेलं स्टील वाकडं झालं की पोचा आलेला दिसतो.

आता नकाशा. भांड्यावर दिसणारा प्रत्येक डाग बंद आकार म्हणून पेन्सिलीनं हलका आखा: खिडकीचा तुकडा, कूलरचा चौकोन, टेबलाची कड, तुमचं डोकं, संत्रं. काय आहे हे विसरून कसा आकार आहे तेवढंच पाहायचं. तरी काही गोष्टी आधी माहीत असल्या की डोळा फसत नाही.

फुगीर पोटात जवळजवळ सगळी खोली मावते, लहान होऊन, पण सुलट. मधल्या भागात गोष्टी मोकळ्या दिसतात आणि कडांकडे जाता जाता आकसत आकसत नुसत्या रेघा होतात. म्हणून भांड्याच्या दोन्ही कडांशी बारीक, दाट, गडद-फिकट पट्ट्यांची गर्दी असते. भांड्याच्या मागे असलेल्या गोष्टीही तिथेच दिसतात. बहुतेकांची चित्रं इथेच सपाट पडतात, कारण मधला भाग मन लावून केला जातो आणि कडेला नुसती सावली ओढली जाते.

टेबलाची सरळ कड पोटावर खाली झोळ खाल्लेल्या वक्र रेषेसारखी दिसते. खिडकीच्या उभ्या चौकटी पोटाच्या वळणाबरोबर वाकतात. मानेपाशी अंग आतल्या बाजूला वळतं, तिथे प्रतिबिंबाची वरची-खालची बाजू उलटते, आणि पोटावरची खिडकी आणि मानेवरची खिडकी एकाखाली एक येत नाहीत. डोळ्याला ते चुकीचं वाटून हात आपोआप त्या जुळवायला जातो. जुळवू नका. ज्या रेषेवर पोट आणि मान मिळतात तिथे बहुधा एक बारीक गडद कडं असतं, ते जपा.

प्रत्येक डागात १ ते ५ आकडा लिहा. १ म्हणजे कोरा कागद, ५ म्हणजे खोल काळा. इथे एक नियम फार कामाचा आहे. स्टेनलेस स्टील आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ६० टक्केच परत पाठवतं, चांदी ९० टक्क्यांहून जास्त. म्हणून स्टीलमधलं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा नेहमी एक पायरी गडद असतं. टेबलावरचा पांढरा रुमाल १ असेल तर गडव्यातला तोच रुमाल २. पांढरी भिंत २ किंवा ३. निखळ १ फक्त खिडकीला किंवा दिव्याला. हा हिशेब पाळला की पांढऱ्या जागा आपोआप मोजक्या राहतात आणि चमकायला लागतात.

मोठ्या कागदाला हात लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर एकाच मिश्रणानं हा नकाशा रंगवून बघा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. दोन हात लांबून त्या तुकड्यात धातू दिसला नाही, तर मोठ्या चित्रातही रंग कितीही चांगले लावले तरी दिसणार नाही. अशा वेळी गडद जागा वाढवा, जवळजवळ नेहमी तेच कमी पडलेलं असतं.

रंगवणं

पहिला थर अगदी पातळ. ज्या जागांचा आकडा १ आहे त्यांना वळसा घालून उरलेल्या सगळ्या भांड्यावर फिकट राखाडी पसरवा, पण एकसारखी नको. खिडकीकडे थोडी निळसर, टेबलाकडे कापडाच्या रंगाची झाक, आणि संत्र्याच्या बाजूला ओलं असतानाच यलो ऑकर आणि लाइट रेडचा थेंब. स्टीलला स्वतःचा रंग नाही म्हणून ते राखाडी, हा समज इथे सोडायचा. थंड आणि उबदार राखाडी शेजारी-शेजारी आल्या की डोळा त्याला स्टील म्हणतो.

पूर्ण वाळू द्या. हाताच्या मागच्या बाजूनं स्पर्श करा, थंड लागलं तर कागद अजून ओला आहे.

दुसऱ्या फेरीत २, ३ आणि ४ चे डाग, एकेक करून. एक डाग एकदाच, पुरेशा रंगानं भरायचा आणि सोडून द्यायचा. इथे कडांचा विचार करावा लागतो. खिडकीची, दिव्याची आणि त्यांच्या शेजारच्या काळ्या आकारांची कड धारदार, वाळलेल्या कागदावर लावलेली. जिथे अंग सावकाश वळतं, किंवा पॉलिश थोडं उतरलंय, तिथे कड विरघळवा: रंग लावला की लगेच स्वच्छ, ओलसर ब्रश त्याच्या बाजूनं फिरवा. सगळ्याच कडा धारदार ठेवल्या तर भांडं कापलेल्या कागदांचं कोलाज होतं. सगळ्याच मऊ केल्या तर ते पुन्हा माठ.

तिसरी फेरी ५ च्या जागांची: मानेचं कडं, काठाच्या आतली सावली, कूलरचा चौकोन, बुडाची रेघ. मिश्रण डोळ्याला जास्त वाटेल इतकं घट्ट करा, कारण जलरंग वाळल्यावर फिका पडतो. एकाच फटकाऱ्यात लावा. गडद जागेवर दुसरा-तिसरा थर चढवत गेलं की ती चामड्यासारखी कोरडी दिसते. आणि सगळ्यात गडद डाग सगळ्यात उजळ डागाला चिकटून असू द्या. कागदाच्या पांढऱ्याहून जास्त पांढरं आपल्याकडे काहीच नाही. त्याला झगमगायला लावायचं एकच साधन म्हणजे शेजारचा काळा.

भांड्याभोवती बाहेरून रेघ ओढू नका. खऱ्या भांड्याची कड कुठे पार्श्वभूमीपेक्षा फिकी असते, कुठे गडद, आणि दोन-चार ठिकाणी पार्श्वभूमीत हरवलेली असते. जिथे हरवते तिथे चित्रातही हरवू द्या.

मग टेबल. बुडाखाली अगदी सांध्याशी काळी बारीक रेघ, तिथून सावली पसरत मऊ होत गेलेली. पण सावलीच्या आसपास लक्ष देऊन बघा: भांड्यानं परतवलेला उजेड टेबलावर एखाद्या वाकड्या, उजळ फटकाऱ्यासारखा पडलेला असतो. वाटीत किंवा गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, वरून उजेड पडत असेल तर आतल्या बुडाशी अशीच दोन टोकांची उजळ कमान दिसते. हा उजेड आधी राखून ठेवावा लागतो. तो असला की पाहणाऱ्याला भांडं चकाकतं आहे हे वेगळं पटवावं लागत नाही.

शेवटी उरलेली चमक. काठावरची केसाएवढी रेघ राहून गेली असेल तर पांढऱ्या गुआशनं, म्हणजे अपारदर्शक जलरंगानं, किंवा वाळलेल्या कागदावर ब्लेडच्या टोकानं खरवडून काढता येते. तीन-चार जागी, बस. धातू म्हणून सगळीकडे पांढरे ठिपके देत सुटलं की भांड्यावर पाण्याचे थेंब उडाल्यासारखं दिसतं.

तांबं आणि पितळ

इथे एक मोठा फरक आहे. रंगीत धातू प्रत्येक प्रतिबिंबाला आपल्या रंगात बुडवून परत पाठवतो. चकाकणाऱ्या लाल प्लॅस्टिकच्या मगावर खिडकीचं प्रतिबिंब पांढरंच असतं. तांब्याच्या लोट्यावर तीच खिडकी फिकट गुलाबी-नारिंगी दिसते. तांबं लाल उजेड भरपूर परतवतं आणि निळा बराचसा गिळतं. म्हणून तांब्यावर पांढरा कागद फक्त एखाद-दुसऱ्या अगदी प्रखर ठिपक्यासाठी, आणि त्याच्याही कडेला गुलाबी झाक हवी.

तांब्यासाठी पहिला थर यलो ऑकर आणि लाइट रेडचा, खूप पाण्याचा, जवळजवळ सगळ्या भांड्यावर. मधल्या छटा बर्न्ट सिएनाच्या, मधेच क्रिमसनचा थेंब. गडद जागा बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरिनच्या, पण तोल तांबड्याकडे राहू द्या. निळं कापड तांब्यात मळकट जांभळट-तपकिरी दिसेल, हिरवं पान खाकी-तपकिरी. डोळा माहितीवर विश्वास ठेवून निळं रंगवायला जातो, तेव्हा कोऱ्या कागदाला लहानसं भोक पाडून त्यातून तेवढाच डाग पाहा. भोकातून नुसता रंग दिसतो, वस्तू दिसत नाही.

पितळेत बहुतेक जण फसतात ते सावल्यांत. उजेडाच्या जागी लेमन यलोचा अगदी पातळ थर, मधे यलो ऑकर, हे जमतं. सावलीला मात्र हात सरळ तपकिरीकडे जातो आणि पितळ लाकडी होतं. पितळेच्या गडद जागा हिरवटपणाकडे झुकतात. रॉ अंबरमध्ये प्रशियन ब्लूचा किंचित अंश मिसळा, आणि उबदार हवी तिथे बर्न्ट सिएना. निळ्या आकाशाचं प्रतिबिंब पितळेत हिरवट दिसतं.

आतून कल्हई केलेलं पितळी पातेलं मिळालं तर जरूर रंगवा. बाहेर पिवळं, आत कथलाचा पांढुरका थर, आणि कल्हई आरशासारखी गुळगुळीत नसल्यामुळे आतली प्रतिबिंबं धुरकट, मऊ. बाहेरची बाजू वाळलेल्या कागदावर धारदार कडांनी आणि आतली ओल्यावर ओलं, म्हणजे कागद ओला असतानाच रंग सोडत, रंगवली की एकाच चित्रात दोन धातू वेगळे कळतात. आतल्या राखाडीत काठाच्या पिवळ्याची हलकी झाक येऊ द्या.

चहाच्या टपरीवरची ॲल्युमिनियमची किटलीही अशीच. ती अंधुक परावर्तित करते, ५ ची जागा जवळजवळ नसतेच. ओल्यावर ओलं शिकायला तिच्यासारखी वस्तू नाही, आणि टपरीवाले सहसा हरकत घेत नाहीत, दोन कट चहा घेतले की झालं.

स्टीलच्या ताटाच्या तळाला मात्र एक वेगळीच गंमत असते. त्यावर गोल गोल बारीक ओरखडे असतात, त्यामुळे दिव्याची चमक ठिपक्यासारखी न दिसता केंद्रातून दोन बाजूंना उघडलेल्या पंख्यासारखी दिसते. ताट फिरवलं तरी पंखा जागचा हलत नाही, दिवा किंवा तुम्ही हललात तर हलतो. केंद्राकडून बाहेर जाणारे फटकारे द्यायचे, कडा विरघळवायच्या, आणि वर कोरड्या ब्रशनं दोन-चार गोल रेघा. सगळे ओरखडे आखत बसलात तर ताटाची ग्रामोफोनची तबकडी होईल.

ठोक्याच्या तांब्याचंही तेच. प्रत्येक खळग्यात खिडकी असते. उजेडाच्या आसपासचे दहा-बारा खळगे मन लावून करा, बाकीचे वळणाबरोबर सुचवून सोडा.

आपलं हवामान

पुस्तकांतला «थर ओला असेपर्यंत» हा वेळ नागपूरच्या उन्हाळ्यात फारच छोटा असतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, ब्रश कागदावरून उचलेपर्यंत मागची कड वाळलेली असते. सकाळी लवकर बसा. कूलरनं हवा दमट होते हे चांगलं, पण त्याचा झोत थेट कागदावर येऊ देऊ नका. कागद मागून ओला करून काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या तुकड्यावर चिकटवला तर ओलावा बराच वेळ टिकतो, आणि मऊ कडा निवांत करता येतात. पॅलेटमध्ये रंग नेहमीपेक्षा दुप्पट कालवून ठेवा, कारण मधेच संपला तर तीच छटा पुन्हा जुळेपर्यंत कड बसलेली असते.

जुलै-ऑगस्टात उलट. वाळलाय वाटणारा कागद आतून ओला असतो आणि धारदार कड पसरून जाते. ड्रायर हातभर लांबून फिरवा, मास्किंग फ्लुइड काढून झाल्यावरच. कोरे ताव प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, नाहीतर बुरशीचे ठिपके रंग लावल्यावरच दिसतात.

गाडीचा क्रोम, आणि दोन भांडी

घरातली भांडी जमू लागली की बाहेर पडा. मोटारसायकलचा हेडलाइटचा क्रोम घेर किंवा सायलेन्सर उघड्यावर बघितला, तर जवळजवळ ठरलेला क्रम दिसतो: वर आकाश, माथ्याशी निळं आणि खाली येता येता फिकट, मग झाडं-घरांची एक गडद, कुरतडलेल्या कडेची पट्टी, आणि तिच्याखाली जमिनीचा उबदार करडा-तपकिरी. क्षितिजाच्या त्या काळ्या पट्टीला लागूनच वरचं आकाश सगळ्यात उजळ असतं, आणि क्रोम चमकतो तो त्याच सांध्यावर. फुटाळा तलावाच्या काठी सकाळी लावलेल्या गाड्या यासाठी बऱ्या: मोकळं आकाश, पाणी, आणि पलीकडची झाडांची रांग. दुपारच्या उन्हात करू नका, डोळे दिपतात आणि छटा कळत नाहीत.

घरातला पुढचा टप्पा म्हणजे दोन भांडी शेजारी ठेवणं, स्टीलचा गडवा आणि तांब्याचा लोटा. गडव्यात लोटा दिसतो, लोट्यात गडवा, आणि त्या गडव्यात पुन्हा लोटा. पहिलं प्रतिबिंब पूर्ण रंगवा, एक पायरी गडद. लोट्यातला गडवा तांबूस असेल आणि गडव्यातला लोटा थोडा विझलेला. प्रतिबिंबातलं प्रतिबिंब एखाद्या रंगीत रेघेवर भागवा, त्यापुढचं सोडून द्या. दोघांमधली फट खोलीतली सगळ्यात काळी जागा असते. तिथून रंगवायला सुरुवात केलीत तर बाकीच्या छटा तिच्याशी ताडून बघता येतात.